दादाचा चतकोर

पौष सरत आला की घरात नवी ज्वारी येते. आता ती आमच्या शेतातून येत नाही. वर्ध्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या पोत्यात येते आणि मुलगा ती गाडीच्या डिकीतून उतरवतो. पण पहिली भाकरी तव्यावर पडली की वास मात्र तोच. गोडसर, ओलसर, थोडा धुराचा. गॅसवर भाजली तरी मला धुराचाच येतो. लोकांना या वासानं भूक लागते. मला राग येतो.

परवा तसाच आला. सूनबाईंनी सगळ्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली. माझी नात मुक्ता सुटीवर आली आहे. तिनं पहिला घास घेण्याआधी भाकरीचा एक चतकोर मोडला आणि हळूच टोपलीत परत ठेवला. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलं आहे. घाई न करता, जेवण न सोडता, रोज थोडं कमी. ती तेच करत होती. सूनबाईंनी तो चतकोर उचलला, त्यावर तूप सोडलं आणि पुन्हा तिच्या ताटात ठेवला.

"दादाआजोबांचा चतकोर आहे हा. याला नाही म्हणू नये."

माझा हात ताटातच थांबला. हे वाक्य मी या घरात आयुष्यभर ऐकत आलो आहे. माझ्या मुलांच्या तोंडात ते कोंबलं गेलं, जावयांच्या, सुनांच्या, आल्यागेल्यांच्या. आणि मी दर वेळी खाली मान घालून जेवत राहिलो.

आमच्या घराण्यात या चतकोराची एक गोष्ट सांगतात. थोरले आजोबा नाचणगावच्या शाळेत मास्तर होते. चांगले भरल्या अंगाचे होते. त्यांना बारीक व्हायचं खूळ लागलं. खाणं तोडलं, आणि बायकोनं तोडू दिलं. शेवटी दातावर दात बसवून बसले, दुधाचा थेंब घेईनात, आणि भरल्या घरात उपाशी गेले. म्हणून या घरात कुणी चतकोर सोडायचा नाही.

गोष्ट खोटी आहे. ती खोटी असल्याचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, कारण ती ज्या एका शब्दावर उभी आहे तो शब्द माझ्या तोंडातून निघाला होता.

दादा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा मला त्यानंच वाढवलं. तो जाड होता हे खरं. खुर्चीत बसला की खुर्ची आधी कुरकुरायची, मग गप्प व्हायची, आणि पोरं तोंडावर पाटी धरून हसायची. उठताना तो टेबलाला धरायचा. नाचणगावाहून पुलगाव ते केवढं, पण तेवढ्यात त्याला दोनदा थांबावं लागे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या मोठ्या काट्यावर गाडीवान मंडळी गंमत म्हणून स्वतःचं वजन करून घेत. दादाही एकदा चढला. तोलणारा वजनं टाकता टाकता थांबला आणि म्हणाला, "मास्तर, सरकी काढून या, मंग तोलतो." सगळा जिन हसला. दादाही हसला. पण घरी येताना रस्ताभर बोलला नाही.

आधी त्यानं उपास करून पाहिले. आमच्याकडचा उपास म्हणजे काय ते सांगायला नको. साबुदाण्याची उसळ, शिंगाड्याचा शिरा, वर दही. नुसत्या पाण्यावरही एकदा राहिला. मग वर्गात डोळ्यापुढं अंधारी आली आणि संध्याकाळी तो टोपलीभर भाकरी जेवला. शेवटी पुलगावच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेला. मी सोबत होतो. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर बोट दाबलं, छाती ऐकली आणि विचारलं, "मास्तर, एका जेवणाला किती भाकरी?"

दादानं सांगितलं. खरं सांगितलं, म्हणून लाजला.

"त्यातली चतकोर कमी करा. आणि भाजीवरचं कच्चं तेल अर्धं. बस. बाकी सगळं खा, पोटभर खा."

"एवढ्यानं काय होते, डॉक्टरसाहेब?"

"उद्या काहीच होणार नाही. पुढच्या वर्षी या वेळी या, तेव्हा बोलू. मोठा डल्ला मारलात तर शरीर ओरडेल. चतकोर गेलेला त्याला कळत नाही."

हे दादाला फार आवडलं. घरी येताना तो मला म्हणाला, "मधू, हे सारं पोटाच्या चोरून करा लागते. पोटाले पत्ता नाई लागला पायजे."

पोटाला पत्ता लागला नाही. आईला मात्र पहिल्याच दिवशी लागला.

आमच्याकडे ताटात टाकायची रीत नाही, म्हणून दादा जेवायला बसला की आधी चतकोर मोडून टोपलीत परत ठेवायचा आणि मगच पहिला घास घ्यायचा. आईच्या हातची भाकरी परत जाते हे तिला सहन होईना. "काऊन? माह्या भाकरीत का खडे निंगाले?" दादा म्हणायचा, "भाकर अमृत हाये माय, पण चतकोर कमी." चार दिवसांनी भाकऱ्या वाढायला लागल्या. आधी तव्याएवढ्या झाल्या, मग तव्याबाहेर डोकवायला लागल्या, मग जाडही झाल्या. दादानं एक दिवस भाकरी हातावर तोलली, आईकडे पाहिलं आणि अख्खी अर्धी मोडून टोपलीत ठेवली. वहिनी चुलीमागं तोंडाला पदर लावून हसत होती. आईनं तिचं ते हसू पाहिलं. ते हसू वहिनीला पुढं फार महागात पडलं.

दादाची बायको जाम गावची. बोलणं कमी, डोळे बोलके. ती दादाला आग्रह करायची नाही. तो मागेल तेवढं वाढायची आणि हात आवरायची. घरातल्या बायकांच्या दृष्टीनं हा तिचा दुष्टपणा होता. आपल्याकडे माया पळीनं मोजतात. आंबाडीच्या भाजीवर तेलाची धार किती वेळ धरली यावरून बाई नवऱ्याची की नाही हे ठरतं. "माह्या गळ्याची शपथ" म्हणत पंगतीत जाडजूड माणसाच्या ताटात पुरणपोळी आदळायची आणि त्यानं हात आडवा केला की हात बाजूला सारायचा. याला प्रेम म्हणतात. मला या प्रेमाचा मनापासून संताप आहे. मारामारीत निदान समोरच्याला नको म्हणायची सोय असते.

महिन्यांमागून महिने गेले. काहीच झालं नाही. दिवाळी आली, गेली. शेजारचे तुकारामकाका ओट्यावरून विचारत, "मास्तर, किती उतरले बाप्पा? टाचणीएवढे?" दादा म्हणे, "काका, तुमी मोजत राहा, मी खात राह्यतो." सणावाराला तो पुरणपोळी खायचा, चवीनं खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चतकोर टोपलीत. एखादा दिवस चुकला तर स्वतःला शिव्या द्यायचा नाही. हे मला आज जास्त कळतं. त्या माणसात घाई नव्हती. आम्हा बाकीच्यांमध्ये नुसती घाईच होती.

मग पावसाळा गेला आणि एक दिवस दादा शाळेतून आला, अंगणात मांडी घालून बसला आणि तसाच बसून राहिला. वहिनीनं विचारलं, "काय झालं बाई, असे काऊन बसले?" दादा म्हणाला, "पाह्य तं खरं." मग आम्हाला दिसलं. तो कितीतरी वर्षांनी मांडी घालून बसला होता. जमिनीवर. आणि नंतर हात न टेकता उठला. सदऱ्याची गळ्याची गुंडी लागत होती. डॉक्टरांनी पाहिलं, हसले आणि म्हणाले, "मास्तर, आता हीच चाल. वेग वाढवू नका." त्या हिवाळ्यात त्यानं माझी सायकल मागून घेतली आणि शाळेच्या मैदानात फेऱ्या मारल्या. पोरं मागून धावत होती. मी तेवढा आनंदी माणूस त्यानंतर पाहिला नाही.

गावाला मात्र हे खपेना. आमच्याकडे त्या काळी माणूस बारीक झाला तर तीनच कारणं असत. क्षय, कर्ज किंवा बायको. क्षय नव्हता, कर्ज नव्हतं. पाणवठ्यावर बायका वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत, "नवऱ्याचं तोंड पाह्यलं का? सुकून राह्यला बिचारा." वहिनी घागर भरायची आणि यायची. तिला चालत येताना मी पाहिलं आहे. पाणी सांडायची नाही.

आता तो हंगाम. हाच. नव्या ज्वारीचा.

आमच्या शेतातली अर्धी ज्वारी कापून झाली होती, काही ताटं हुरड्यासाठी उभी ठेवली होती. वर्ध्याच्या कॉलेजातले माझे मित्र हुरडा खायला आले होते. गोवऱ्यांचा विस्तव, हातावर चोळलेली गरम कणसं, लसणाची चटणी. दादाही आला. अंगात हलकेपणा आल्यामुळे त्याला शेतात फिरायचं वेड लागलं होतं. जोडे काढून तो अनवाणी धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे गेला आणि परत येताना कापलेल्या ज्वारीच्या धसकटावर त्याचा पाय पडला. ताटाचा तो बुंधा तिरका कापलेला असतो, भाल्यासारखा. टाचेत खोल शिरला. दादानं तो ओढून काढला, रक्त फार आलं नाही. वहिनीनं घरी हळद भरली आणि मला म्हणाली, "भाऊजी, यायले पुलगावले नेऊन सुई देऊन आणा. शेणामातीचं लागलं हाये."

मी म्हणालो, "उद्या नेतो."

दुसऱ्या दिवशी पुलगावला मित्रांसोबत सिनेमाचा बेत होता; दादाला दवाखान्यात नेलं असतं तर खेळ चुकला असता. दादा ओट्यावर पाय लांब करून बसला होता. "मधू, नेतं का मले? टाच ठणकून राह्यली." मी म्हणालो, "सायकल पंक्चर हाये, दादा. पुढच्या चाकात हवाच नाई." गाड्या सगळ्या ज्वारीच्या पेंढ्या वाहत होत्या. दादा म्हणाला, "जाऊ दे मंग. जाईन कवा तरी." तो माझं खरं मानणारा माणूस होता. मी घराच्या मागच्या बाजूनं सायकल काढली. पडवीत वहिनी ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. मी तिच्याकडे न पाहता पायडल मारलं.

जखम वरून मिटली. दादा शाळेत जाऊ लागला. मी विसरलो. आठवडाभरानंतर एका सकाळी तो जेवायला बसला, चतकोर मोडून टोपलीत ठेवला, घास तोंडाशी नेला आणि थांबला. "जबडा आखडला वाट्टे," म्हणाला. दुपारपर्यंत तोंड उघडेना. ओठ ताणले गेले, दात दिसू लागले. हसतो आहे असं वाटे. आई समोर दुधात भाकरी कुस्करून बसली होती. "खा रे बाप्पा. इतका हट्ट बरा नाई. मायवर राग असंल तं माह्यावर काढ, अन्नावर काढू नोको." ती चमचा दातावर दाबत होती. दादाचे डोळे तिच्याकडे पाहत होते. त्या डोळ्यांत हट्ट नव्हता. त्या घरात ते फक्त दोन माणसांना कळत होतं. त्यातली वहिनी ओरडत होती, "यायचा पाय पाहा, पाय पाहा नं कोणी." बायकांनी तिला गप्प केलं. दुसरा मी. मला गप्प करायची गरज पडली नाही.

शेवटी दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना टांग्यातून आणलं. ते आले तेव्हा दादाची पाठ कमानीसारखी वाकली होती. भांडं पडलं तरी त्याला झटका येत होता. डॉक्टरांनी टाच पाहिली आणि काही बोलले नाहीत. करण्यासारखं फार नव्हतं. मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरेपर्यंत, भर दुपारी, दादा गेला. आत रडणं सुरू झालं. डॉक्टरांना पोचवायला मी टांग्यापर्यंत गेलो. ते पायरीवर पाय ठेवून म्हणाले, "धनुर्वात. लागलं तेव्हाच इंजेक्शन दिलं असतं तर कदाचित वाचले असते. वजनाचा, खाण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. घरच्यांना नीट सांगा." टांगा गेला. सायकल तिथंच भिंतीला टेकून होती. पुढच्या चाकात हवा गच्च भरलेली.

नीट सांगा म्हणाले होते.

तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पंगत उठली होती. आई भिंतीला टेकून म्हणत होती, "टोपलीत भाकरी वाळून गेल्या अन् माहं लेकरू उपाशी गेलं. इनं जेवू देल्लं नाई." सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी उभी राहिली. एवढ्या माणसांत ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली आणि माझ्याशी बोलली.

"भाऊजी, डॉक्टर काय म्हणले तुमाले? सांगा नं यायले."

तिला डॉक्टरांचा शब्द माहीत नव्हता, पण टाच माहीत होती. सायकलही माहीत होती. ती सायकलीबद्दल बोलली नाही. तिनं मला वाट मोकळी ठेवली होती. फक्त शब्द सांगायचा होता.

मी म्हणालो, "अशक्तपणा म्हणले."

हाच तो शब्द. याच्यावर आमच्या घराण्याची गोष्ट उभी आहे.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. दोन दिवसांनी तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि ती जामला गेली. कुणी थांब म्हटलं नाही. पोरबाळ नव्हतं, म्हणून कुणाला अडचणही वाटली नाही. वर्षश्राद्धाला आईनं भाकरीचा चतकोर मोडला, माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "त्यानं सोडला तो तू खाजो." मी खाल्ला. नरड्याखाली उतरला तो. उतरतो. माणसाच्या नरड्याखाली काहीही उतरतं.

पुढं त्याची रीत झाली. घरातल्या प्रत्येकाच्या ताटात, पोट भरल्यावर, एक चतकोर जास्त. दादाच्या नावानं. त्यानं जे कमी करून मांडी घालून बसायचं सुख मिळवलं, तेच त्याच्या नावानं आमच्या पोटात भरलं गेलं. माझा मुलगा साखरेच्या गोळ्या घेतो आणि जिना चढताना मध्ये थांबतो. तो थांबला की मला पुलगावचा रस्ता दिसतो. माझ्या घरात भाकरीशी कुणाचं वैर नव्हतं, ते मी लावलं. आईवर मी पुष्कळ वर्षं रागावून पाहिलं, गावावर पाहिलं, आग्रहाच्या रीतीवर तर अजून रागावतो. पण आईला कुणी खरं सांगितलंच नव्हतं. तिच्यावरचा राग मी स्वतःच्या सोयीनं वापरला.

वहिनीला मी एकदाच भेटलो. जामच्या फाट्यावर तिच्या भावाचं खानावळीसारखं छप्पर होतं, ट्रकवाले थांबत. ती चुलीपुढं होती, केस पांढरे झालेले. मी समोर बसलो. तिनं ओळखलं. भाकरी वाढली, झुणका वाढला, कांदा फोडून ठेवला.

"भाऊजी, अजून पायजे असंल तं मांगजा. मी आग्रह करत नाई."

मी म्हणालो, "वहिनी, त्या वेळी मी..."

"जेवा," ती म्हणाली. "थंडी होते भाकर."

मी जेवलो. पुढच्या बाकावर एक ट्रकवाला तिला चिडवत होता, "काकू, तुमी आग्रह नाई करत, म्हणून तं उपाशी उठतो आमी." ती म्हणाली, "तीन खाल्ल्या लेका, मोजल्या मी. उपाशी म्हणे." सगळे हसले. ती हसताना पदर तोंडाला लावायची नाही आता. मी पैसे ठेवून उठलो. जे सांगायला गेलो होतो ते पुन्हा माझ्यासोबत परत आलं. काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं. आमच्या बैठकीत दादाचा फोटो आहे, हार घातलेला. तिचा नाही.

तर परवा. सूनबाईंनी तुपाचा चतकोर मुक्ताच्या ताटात ठेवला आणि मुक्तानं, चांगली पोरगी आहे, वाद नको म्हणून तो उचलला. मी ओरडलो. या वयात माझा आवाज एवढा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"ठेव तो खाली!"

सगळे दचकले. मुलाला वाटलं मला काही झालं. मी म्हणालो, "दादा उपाशी गेला नाही. धनुर्वातानं गेला. टाचेत धसकट गेलं होतं. दवाखान्यात न्यायचं होतं, मी नेलं नाही. सायकल पंक्चर आहे म्हणून खोटं बोललो. डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी घरात दुसरंच सांगितलं. वहिनीनं त्याला उपाशी ठेवलं नव्हतं. त्याचं पोट रोज भरत होतं."

भाकरी तव्यावर करपायला लागली होती. सूनबाई चांगल्या घरची बाई. तिनं एवढी वर्षं ही रीत मनोभावे पाळली. ती ताटाजवळ आली, मुक्ताच्या ताटातला चतकोर उचलला आणि हातात धरून उभी राहिली. तूप तिच्या बोटांवरून ओघळत होतं. तिला खरोखर कळत नव्हतं त्याचं काय करायचं ते.

"बाबा, मग हा...?"

"टोपलीत," मी म्हणालो. "दादा टोपलीतच ठेवायचा."